वेरीबीच्या घळीत एक दिवस

मेलबर्न शहरातून पश्चिमेकडे जाणाऱ्या हमरस्त्याने तासाभराचा प्रवास केला म्हणजे सपाट माळ संपतो आणि जमीन एकाएकी वर उचललेली दिसते. ह्या उचललेल्या जमिनीत वेरीबी नावाच्या एका लहान नदीने सुमारे २०० मीटर खोलीची घळ कोरली आहे. नदी लहान, घळही फार लांब नाही. जगप्रसिद्ध स्थळांच्या यादीत तिचे नाव कोणी घालणार नाही. परंतु मेलबर्नच्या पश्चिम उपनगरांत अलीकडे आपल्या मुलखातील पुष्कळ कुटुंबे जाऊन राहिली आहेत. त्यांच्याकडे आईवडील महिना-दोन महिने राहावयास जातात आणि 'जवळच आहे, चला' असे म्हणून त्यांना ह्या घळीत नेले जाते. मलाही तसेच नेण्यात आले. तो दिवस कसा गेला हे सांगितल्यास मागाहून जाणाऱ्यांस थोडा उपयोग होईल, म्हणून हे लिहीत आहे.

२०२३ सालच्या नोव्हेंबर महिन्यात माझा मुक्काम टार्नीट ह्या उपनगरात एका कुटुंबाकडे होता. हे कुटुंब मूळचे आमच्या बेळगावकडचे. घरातील ज्येष्ठ गृहस्थ खानापूर तालुक्यात प्राथमिक शाळेत शिक्षक होते. सारा गाव त्यांना मास्तर म्हणे, आणि मीही मास्तरच म्हणतो. वय अडुसष्ट. नोकरीत असताना दरवर्षी मुलांना घेऊन ते पारगडावर जात, आणि जांबोटीच्या जंगलात वज्रपोहा धबधब्यापर्यंत पायी जाऊन आल्याच्या हकीकती आजही रंगवून सांगतात. मुलाकडे येऊन त्यांना चार महिने झाले होते. घरापुढील सरळ, स्वच्छ, निर्मनुष्य रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ फेऱ्या घालून ते कंटाळले होते. डोंगराचे नाव निघताच त्यांची कळी खुलली.

आदल्या रात्री त्यांच्या मुलाने संगणकावर दोन गोष्टी पाहिल्या. घळीतील वाट उघडी आहे की बंद, ही पहिली. मोठा पाऊस झाला की नदी फुगते आणि काठची वाट बंद ठेवतात. दुसरी गोष्ट आगीच्या धोक्याची पातळी. वणवा हा शब्द आपणांस परका नाही, पण तिकडील वणव्याची कल्पना आपणांस सहसा येत नाही. ७ फेब्रुवारी २००९ रोजी ह्याच व्हिक्टोरिया राज्यात लागलेल्या वणव्यांत १७३ माणसे मृत्यू पावली. आता दररोज प्रत्येक जिल्ह्यासाठी धोक्याची पातळी जाहीर होते. सप्टेंबर २०२२ पासून तिच्या चार पायऱ्या ठरविल्या आहेत. सर्वांत वरची, म्हणजे विनाशाची पायरी जाहीर झाली की अशी सर्व उद्याने बंद करतात. तिच्या खालच्या पायरीलाही शहाणा मनुष्य रानात जात नाही. आमच्या दिवसाची पातळी खालची होती. ऊन मात्र कडक पडणार होते.

"प्रत्येकी दोन लिटर पाणी तरी घ्यायलाच हवे, फादर," असे यजमानांनी मला बजावले. मी एक लिटरची बाटली घेतली. पुण्यास सेमिनरीत असताना आम्ही विद्यार्थी सिंहगड चढून जात असू, तेव्हा पाण्याची पिशवी कोणी नेल्याचे मला आठवत नाही. ही आठवण मी त्यांना ऐकविलीही. पण सिंहगडावर देवटाके आहे, आणि वाटेत दर शंभर पावलांवर ताकाचा आणि दह्याचा मडका घेऊन एखादी बाई बसलेली असते. ह्या घळीत तसे काहीच नाही. उद्यानात पिण्याच्या पाण्याचा नळ नाही, टपरी नाही, आणि नदीचे पाणी वरच्या अंगाच्या शेतांतून व कुरणांतून येत असल्यामुळे ते तसेच पिण्याजोगे नाही. जितके पाणी लागणार तितके पाठीवर वाहून नेले पाहिजे.

आठ वाजता निघावयाचे ठरले होते. सूनबाईंनी थालीपिठे लावली. ती गरम असताना उठणे कोणास जमेना. मग वाटेत बॅकस मार्श हे गाव लागले. गाव फळबागांचे, रस्त्याच्या कडेला फळांची दुकाने. गावात शिरताना दुतर्फा एल्म वृक्षांची एक विलक्षण रांग आहे. पहिल्या महायुद्धात गेलेल्या त्या परगण्यातील स्त्री-पुरुषांच्या नावाने १९१८ साली गावकऱ्यांनी ही २८१ झाडे लावली, एका नावामागे एक झाड. शंभर वर्षांनंतर त्यांच्या फांद्या वर एकमेकींत गुंफून मांडव झाला आहे. मास्तर गाडीतून उतरले आणि झाडाखालच्या नावांच्या पाट्या एकेक वाचीत चालू लागले. त्यांना घाई करावयास आमच्यापैकी कोणासही धीर झाला नाही. परिणामी घळीच्या तोंडाशी, जुन्या खाणीच्या जागी गाडी उभी केली तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. आमच्या दिवसातली पहिली चूक ती.

येथे 'बुश' ह्या शब्दाविषयी चार शब्द लिहिणे अवश्य आहे. ऑस्ट्रेलियन मनुष्य ज्याला बुश म्हणतो ते आपले जंगल नव्हे. खानापूरच्या किंवा चोर्ल्याच्या रानात शिरले म्हणजे डोक्यावर हिरवे छप्पर येते, पायाखाली कुजक्या पाल्याचा ओलावा लागतो, आणि कोठे ना कोठे पाण्याचा आवाज असतो. येथे झाडे विरळ, रंग राखाडीमिश्रित हिरवा, जमीन कोरडी व खडबडीत, आणि वास औषधाच्या बाटलीचा. हा वास आपल्या परिचयाचा आहे, कारण झाडे बहुतेक नीलगिरीच्या जातीची. आपण नीलगिरी लावली ती ह्याच भूखंडावरून आणून. तिच्या पानांची एक खोड मात्र मला तेथे गेल्यावर ध्यानी आली. ही पाने सपाट पसरत नाहीत, देठापासून खाली लोंबकळतात आणि उन्हाकडे आपली धार करतात. त्यात झाडाचे हित असे की पाण्याची वाफ कमी होते. वाटसरूचे मात्र त्यात नुकसान. मोठ्या झाडाखालीही सावली चाळणीतून गाळल्यासारखी पडते. दुरून गर्द दिसणारे रान जवळ गेले की उन्हाने भरलेले असते. शिवाय नदीकाठच्या जुन्या तांबड्या गमवृक्षांच्या थोरल्या फांद्या वारा नसतानाही अकस्मात मोडून पडतात. म्हणून तिकडचे अनुभवी लोक त्यांच्याखाली तंबू ठोकत नाहीत, आणि पाठ टेकावयास बसले तरी आधी मान वर करून पाहतात.

संपूर्ण फेरी सुमारे दहा किलोमीटरची आहे. दहा किलोमीटर म्हणजे बेळगावाहून येळ्ळूरच्या राजहंसगडाला पायी जाण्याइतकेच, असा हिशेब मास्तरांनी लगेच केला. हिशेब चूक नव्हता, पण रीत चूक होती. ही वाट किलोमीटरांनी मोजावयाची नसून तासांनी मोजावयाची आहे. सराईत माणसास चार तास लागतात; मूल किंवा वृद्ध मनुष्य बरोबर असेल तर पाच किंवा सहा धरावे. खाणीपासून निघाले की वाट प्रथम कण्यावर चढते, पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या नजऱ्यांच्या जागा दाखविते, मग एकदम खाली उतरून नदीला मिळते, नदीकाठाने खडकांतून आणि एका जुन्या पाटाच्या कडेने पुढे जाते, आणि मेकल्स पॉइंट नावाच्या सहलीच्या जागेवरून रस्त्याने परत खाणीशी येते. म्हणजे सोपा भाग आधी आणि अवघड भाग नंतर, असा तिचा क्रम आहे. अवघड जागी पोहोचेपर्यंत आपले निम्मे पाणी आणि निम्मी ताकद खर्च झालेली असते.

चढणीवर आमचे उत्तम चालले. गवतात राखी कांगारूंचा एक कळप उभा होता. आमची चाहूल लागताच सर्वांनी एकदम माना वर केल्या, आणि मास्तरांचा बारा वर्षांचा नातू त्यांची गणती करून संपवितो न संपवितो तोच सारे उतरणीआड दिसेनासे झाले. माथ्यावरून घळ प्रथम नजरेस पडली. नदीने एका टेकडीला असा वेढा घातला आहे की ती टेकडी बेटासारखी वेगळी दिसते. खाली नदीचा पट्टा हिरवा, कडे तांबूस-करडे, आणि आमच्या पायांच्याही खाली एक पाचरीच्या आकाराच्या शेपटीचा गरुड घिरट्या घालीत होता. वेरीबी हे नाव तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेतून आले असून त्याचा अर्थ पाठीचा कणा असा सांगतात. ह्या भागाचे मूळ मालक वाडावुरुंग लोक. वरून पाहिले तर ते नाव ज्याने ठेविले त्याने नदी चांगली निरखलेली असावी, असे मला वाटले.

माथ्यावरच एके ठिकाणी लाकडी पाटी आहे. तेथून छोट्या फेरीची वाट वेगळी होते आणि नदीला न उतरता परत खाणीकडे येते. पाटीपाशी यजमान थांबले. घड्याळ पाहून म्हणाले, "बाबा, ऊन वाढलंय. इथून छोट्या वाटेने फिरू या का?"

"अरे, पारगड चढलेला मनुष्य मी," मास्तर म्हणाले, "आणि आता तर उतरण आहे!"

यजमानांनी माझ्याकडे पाहिले. मी शब्द टाकला असता तर मास्तरांनी तो मोडला नसता, हे त्यांना ठाऊक होते आणि मलाही. मास्तरांचे तोंड लाल झाले होते आणि उजवा गुडघा ते हळूच चोळीत होते, हे मी पाहिले होते. मी म्हणालो, "मास्तरांना वाटत असेल तर जाऊ या."

ह्या वाटेवर परत फिरण्याची योग्य जागा ही एकच, आणि तेथे पोहोचल्यावर परत फिरावेसे कोणासही वाटत नाही. श्वास ताजा असतो, बाटली भरलेली असते, आणि नदी खाली खुणावीत असते. गरज भासू लागते ती पुढे दीड तासाने, आणि तेव्हा मागे फिरणे म्हणजे तीच उतरण भर उन्हात चढून येणे.

उतरण तीव्र आणि घसाऱ्याची होती. पायाखालची बारीक खडी बाजरीच्या दाण्यांसारखी सरकत होती. अशा जागी गुळगुळीत तळाचा बूट घालणे म्हणजे पडण्याची तयारी करणे. काठी जवळ असेल तर गुडघ्यांवरचा भार पुष्कळ कमी होतो. आमच्याजवळ नव्हती, आणि उद्यानातील फांदी मोडणे मना आहे. मास्तर आडवे आडवे पाय टाकीत उतरले. चेष्टामस्करी बंद झाली होती.

खाली येताच मी थोडा वेळ सारे विसरलो, हे कबूल केले पाहिजे. ह्या घळीचे खडक पाहावयास जगभरचे भूशास्त्रज्ञ येतात. तळाशी ४५ कोटी वर्षांहून जुने, समुद्राच्या गाळाचे थर आहेत. ते कागदाच्या घड्या घालाव्यात तसे दुमडलेले आहेत, आणि कड्यात त्या घड्यांची कमान स्पष्ट दिसते. त्यांच्यावर जो खडक आहे तो प्रथमदर्शनी अगदी सामान्य वाटतो: करडा, चिखलासारखा, आणि त्यात नाना रंगांचे, नाना आकारांचे गोटे रुतलेले. डिंकाच्या लाडवात खारीक, खोबरे, गोडंबी जशी कोठेही अडकलेली असते तसे. नदी गोटे वाहून आणते तेव्हा ती त्यांची निवड करते. जडांस एकीकडे, हलक्यांस दुसरीकडे टाकते. येथे निवड मुळीच नाही. शिवाय काही गोट्यांच्या बाजू घासून सपाट झालेल्या आणि त्यांवर समांतर ओरखडे. हे काम पाण्याचे नव्हे, बर्फाचे. सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वी हा सारा प्रदेश दक्षिणेकडून सरकत आलेल्या हिमनदांखाली गाडला गेला होता. बर्फ वितळला, आणि त्याने खरवडून आणलेला राडारोडा जागच्या जागी राहून दगड झाला.

आता ह्यात आपला संबंध असा. ओरिसातील तालचेर येथे असाच गोट्यांचा थर १८५६ साली भूशास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडला आणि उष्ण हिंदुस्थानात बर्फाचे काम कसे, ह्या प्रश्नाने ते चक्रावले. आपल्या महाराष्ट्रात, चंद्रपूरजवळ इरई नदीच्या परिसरात, त्याच थराखालच्या चुनखडीवर बर्फाने ओढलेले ओरखडे सापडले आहेत. हिंदुस्थान, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका हे भूखंड त्या काळी एकमेकांना लागून होते. आल्फ्रेड वेगेनरने भूखंड सरकतात असे १९१२ साली मांडले, तेव्हा त्याच्या पुराव्यांत ह्या बर्फाच्या खुणा महत्त्वाच्या होत्या. त्या अखंड महाखंडाला शास्त्रज्ञ जे नाव देतात तेही आपल्याकडचेच आहे: गोंडांचा प्रदेश तो गोंडवन, त्यावरून गोंडवाना. मी हे उत्साहाने सांगत असता मास्तर एका दगडावर बसून ऐकत होते. त्यांनी त्या करड्या खडकावर हात फिरविला आणि म्हणाले, "म्हणजे हा आपल्या चांद्याचा शेजारी म्हणायचा." नातवाने एक ओरखड्यांचा गोटा खिशात घातला होता, आजोबांनी तो परत जागेवर ठेवावयास लाविला. उद्यानातून दगड नेण्यास बंदी आहे, आणि मास्तर नियमांचे पक्के.

त्यांचा आवाज बारीक झाला आहे, हे मला त्या वेळी जाणवावयास हवे होते.

दुपारचा एक वाजला होता. घळीत वारा नव्हता. दोन्ही बाजूंचे कडे तापलेले, आणि त्यांची आंच मधल्या अरुंद जागेत कोंडलेली. वर माथ्यावर जे ऊन सोसवत होते ते येथे अंगावर चिकटत होते. नदीकाठी नीडल्स बीच आणि लायनहेड बीच अशा दोन वाळूच्या जागा आहेत; तेथे माणसे डोहात उतरलेली दिसली. पाणी मात्र गढूळ असते आणि तळाचे खडक दिसत नाहीत, म्हणून वरून उडी मारू नये. माझी बाटली संपली होती. यजमानांजवळ थोडे पाणी होते. ते त्यांनी मुलाला आणि वडिलांना दिले.

पुढे ती जागा आली. वाट संपते, कडा सरळ पाण्यापर्यंत येतो, आणि त्याच्या अंगावरून काही अंतर खडकाला धरून आडवे जावे लागते. धरावयास लोखंडी दोर खडकात पक्का बसविलेला आहे. खाली पाणी, पाय ठेवावयास खाचा. तरण्या, निर्भय माणसास त्यात गंमत आहे. मूल असेल तर त्याच्या मागे एक व पुढे एक मोठे माणूस असावे. ओल्या दिवसांत खडक शेवाळाने निसरडा होतो, तेव्हा तेथे जाऊच नये. दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणून हातात पिशवी, छत्री, कॅमेरा असे काही असू नये.

मास्तरांनी दोराला हात घातला, एक पाऊल टाकले, आणि थांबले. मग मागे येऊन खाली बसले. पोटरीत गोळा आला होता. डोके गरगरते म्हणाले. त्यांचा हात धरला तो चिकट आणि गार लागला. यजमानांनी भ्रमणध्वनी काढला. घळीच्या तळाशी त्याला संकेत मिळेना. आणीबाणीचा क्रमांक तिकडे तीन शून्ये, ०००, असा आहे, पण तो लावावयासही कोठे तरी लहर पोहोचावी लागते. आपण कोठे जात आहोत आणि केव्हा परतणार हे घरी कोणास तरी नक्की सांगून निघावे म्हणतात, ते ह्यासाठी. सूनबाईंना आम्ही 'दुपारपर्यंत येतो' एवढेच सांगितले होते.

त्याच वेळी समोरून दोर धरून एक वृद्ध ऑस्ट्रेलियन जोडपे आले. बाई सत्तरीच्या असाव्यात. त्यांनी मास्तरांकडे एकदा पाहिले आणि काही न विचारता पाठीवरची पिशवी सोडली. मिठाची आणि साखरेची पूड पाण्यात घालून त्यांनी ते पाणी मास्तरांना घोट-घोट पाजले. आम्हाला रुमाल नदीत भिजवून त्यांच्या मानेवर आणि काखेत ठेवावयास सांगितले. त्यांच्या यजमानांनी कड्याकडे बोट करून म्हटले की तासाभरात ह्या खडकावर सावली येईल, तोवर हलू नका. मागे चढून जाण्याचा विचार तर करूच नका, पुढची वाट सपाट आहे. बाईंनी मला विचारले, पाणी किती आणले होते? मी सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. आपली एक भरलेली बाटली माझ्यापाशी ठेवून गेल्या.

आम्ही सव्वा तास बसलो. बोलणे झाले नाही. नातू आजोबांना टोपीने वारा घालीत होता. सावली खडकावरून इंचाइंचाने खाली उतरत आली. मास्तरांच्या चेहऱ्यावर रंग परतला, पोटरी सैल झाली, आणि "चला," असे तेच प्रथम म्हणाले. यजमान पुढे, मी मागे, मध्ये मास्तर. नातू आधीच पलीकडे गेला होता, आणि तेथून शाळामास्तराच्या आवाजात सूचना देत होता: "आजोबा, डावा पाय इथं. आता हात सरकवा. खाली बघू नका." आजोबा निमूटपणे तसे करीत होते. ते अंतर किती होते म्हणून नंतर विचाराल तर थोडेच. मला ते फार वाटले.

पलीकडे जुना पाट लागतो. बॅकस मार्शच्या शेतांना पाणी नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कड्याच्या अंगाने हा पाट बांधला होता. आता तो वापरात नाही, आणि त्याच्या कडेनेच वाट जाते. वाट सपाट, एका बाजूस कडा, दुसरीकडे खाली नदी. येथे निश्चिंत होऊन आम्ही चालत होतो तोच यजमानांनी हात आडवा केला. दहा पावलांवर एक लांब, तपकिरी, चकाकणारा साप उन्हात पडला होता. आम्ही उभ्या जागी स्तब्ध राहिलो. घाईने तो गेला नाही. आपल्या सवडीने, पाटाच्या फुटक्या भिंतीत शिरला. तिकडचा तपकिरी साप जगातील अत्यंत विषारी सापांपैकी एक आहे, परंतु वाट दिली तर तो माणसाच्या मागे लागत नाही. वसंत आणि उन्हाळ्यात पूर्ण विजार, जाड मोजे आणि घोट्यापर्यंत येणारे बूट घालावेत, आणि जेथे दिसत नाही तेथे हात-पाय घालू नये. एक रुंद, ताणला जाणारा पट्टा प्रत्येक जाणकाराच्या पिशवीत असतो. दंश झाला तर जखम न धुता, न कापता, साऱ्या हाता-पायावर तो पट्टा घट्ट गुंडाळतात, अवयव फळीला बांधून निश्चल ठेवतात, आणि मनुष्यास एक पाऊलही चालू देत नाहीत. ही रीत १९७० च्या दशकाअखेर मेलबर्नच्याच स्ट्रुअन सदरलँड ह्या वैद्यकशास्त्रज्ञाने सिद्ध केली. ती तेथील सापांसाठी आहे. आपल्याकडे घोणस किंवा फुरसे चावल्यास असा आवळपट्टा हितावह मानीत नाहीत, कारण त्या विषाने दंशाच्या जागेचे मांसच नासते. दंशाचा अवयव न हलविता रुग्णास तडक दवाखाना गाठविणे हेच खरे.

मेकल्स पॉइंटला पोहोचलो तेव्हा चार वाजावयास आले होते. तेथपर्यंत मोटार येऊ शकते, ही देवाची दया. यजमान एकटेच रस्त्याने खाणीपर्यंत गेले आणि गाडी घेऊन आले. उरलेली चाल मास्तरांना चालावी लागली नाही. जे कोणी वृद्धांस घेऊन जाणार असतील त्यांनी वास्तविक येथूनच सुरुवात करावी. पाटाच्या सपाट कडेने नदीकाठी जावे, दोराची जागा येण्यापूर्वी जेथे बरे वाटेल तेथे बसावे, खडक पाहावेत, आणि आल्या वाटेने परतावे. सकाळी आठच्या आत पाय वाटेवर असावा. मार्च ते मे हा तिकडचा शरद ऋतू, आणि तोच सर्वांत चांगला काळ.

गाडीच्या मागच्या बाजूस यजमानांनी पाण्याचा एक पाच लिटरचा डबा जादा ठेवला होता. मास्तर दार उघडे टाकून पायरीवर बसले आणि भांडे भरून प्याले. मग माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारले, "फादर, त्या पाटीपाशी तुम्ही मला परत फिरा का म्हणाला नाहीत?"

मी म्हणालो, "मला नदी पाहायची होती, मास्तर."

त्यांनी थोडा वेळ विचार केला, भांडे पुन्हा भरले, आणि माझ्या हाती दिले. "मलाही," ते म्हणाले.

घरी पोहोचेपर्यंत ते झोपले होते. पुढच्या शनिवारी सकाळी सहालाच उठून त्यांनी स्वतः पाण्याच्या सहा बाटल्या भरल्या, आणि आम्ही छोट्या फेरीला गेलो.